हरकतदार आणि प्रवासी

महाराष्ट्राच्या नगरनियोजन कायद्याला नागरिकाची ओळख मुख्यतः हरकतदार म्हणून आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास आराखडा, म्हणजे पुढील सुमारे वीस वर्षांत शहरातील कोणती जमीन कोणत्या कामासाठी वापरायची हे ठरवणारा नकाशा आणि त्याची नियमावली, आधी प्रारूप स्वरूपात प्रसिद्ध होतो, त्यावर ठरावीक मुदतीत ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात आणि नियोजन समितीपुढे सुनावणी होऊन तो शासनाकडे मंजुरीला जातो. या जोडशब्दात हरकत आधी येते आणि सूचना मागून, हा क्रम निव्वळ उच्चाराच्या सोयीचा नसावा. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडते किंवा ज्याच्या अंगणातून नव्या रस्त्याची रेषा जाते, त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी मिळावी, ही या तरतुदीची मूळ प्रेरणा आहे आणि मालमत्तेच्या दृष्टीने ती न्याय्यही आहे. पुण्याच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा ८७ हजारांच्या आसपास हरकती-सूचना आल्या. पुढे शासनाने तो आराखडा महापालिकेकडून आपल्या हाती घेतला आणि त्याला मंजुरी मिळायला २०१७ उजाडले. लोकांना नियोजनात रस नसतो, ही अधिकारीवर्गात अधूनमधून ऐकू येणारी तक्रार या एका आकड्यापुढे टिकत नाही.

मात्र या सगळ्या व्यवस्थेत वाहतूक येते ती जमिनीच्या रूपाने. नकाशावर रस्त्याची रुंदी असते, उड्डाणपुलाची जागा असते, बस आगाराचे आरक्षण असते. त्या रस्त्यावरून दर किती मिनिटांनी बस धावेल, तिचे भाडे किती असेल आणि रात्रीची शेवटची बस कितीला सुटेल, याविषयी नकाशा गप्प असतो. परिणामी रस्त्याकडेच्या भूखंडाचा मालक कायद्याच्या नजरेत बाधित व्यक्ती ठरतो आणि त्याच रस्त्यावरून वीस वर्षे रोज जाणारा-येणारा प्रवासी कोणीच ठरत नाही. वाहतुकीच्या नियोजनातील लोकसहभागाची चर्चा बहुधा ‘सहभाग वाढला पाहिजे’ या सदिच्छेपाशी सुरू होते आणि तिथेच संपते. कोणाला, कोणत्या नात्याने आणि निर्णयाच्या कोणत्या टप्प्यावर विचारले जाते हे पाहिले, तर चित्र बरेच वेगळे दिसते, आणि त्यासाठी पुण्याच्या दक्षिणेकडील बिबवेवाडी हे उपनगर तपासून पाहण्याजोगे आहे.

बिबवेवाडीच्या पश्चिमेला सातारा रस्ता, उत्तरेला मार्केट यार्ड आणि पूर्वेला कोंढवा आहे. सातारा रस्त्याकडून आत वळल्यावर वस्ती हळूहळू चढत जाते आणि टेकडीच्या अंगाला इंदिरानगर लागते, ज्याचे अप्पर, लोअर आणि सुपर असे तीन भाग तिथल्या माणसांच्या तोंडी इतके रुळले आहेत की ही विशेषणे परकी होती हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. एकाच उपनगरात गंगाधाम चौकाभोवतालच्या उंच इमारती आहेत, जुन्या सहकारी सोसायट्या आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, कामगार विमा रुग्णालय आहे आणि अप्परची दाट वस्तीही आहे. पहाटे मार्केट यार्ड गाठणारे हमाल, शहराच्या दुसऱ्या टोकाला घरकामासाठी जाणाऱ्या बाया आणि महाविद्यालयाची वेळ गाठणारी मुले या सर्वांचा चढ-उतार एकाच रस्त्यावर होतो, पण प्रत्येकाला त्या रस्त्याकडून हवे ते निराळे असते.

या उपनगरातील रहिवाशाला महापालिकेच्या अंदाजपत्रकाविषयी थेट काही सांगण्याचा एक मार्ग निश्चितपणे उपलब्ध आहे. पुणे महापालिकेने २००६ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक’ या उपक्रमात पुढील आर्थिक वर्षासाठी आपल्या प्रभागात कोणते काम व्हावे, हे नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून सुचवू शकतो. क्षेत्रीय कार्यालय म्हणजे महापालिकेचे विभागवार कार्यालय, आणि बिबवेवाडीला असे स्वतंत्र कार्यालय आहे. पोर्तो अलेग्रे या ब्राझीलमधील शहराने १९८९ मध्ये रूढ केलेल्या कल्पनेचे हे पुणेरी रूप. फरक इतकाच, की तिथे वस्त्यांच्या सभा भरत, कामांचा अग्रक्रम उघड चर्चेत लागत असे आणि वस्तीचे प्रतिनिधी तो पुढे नेत असत, तर इथे अर्जदार एकटा येतो, अर्ज देतो आणि पोच घेऊन घरी जातो. शेजाऱ्याने काय मागितले हे त्याला ठाऊक नसते आणि आपले काम का वगळले गेले हे कळण्याची खात्रीही नसते. सुचवलेल्या एका कामाची मर्यादा ५ लाख रुपये. या रकमेत पदपथाचा तुकडा दुरुस्त होतो, बसथांब्यावर छप्पर उभे राहते, दिव्याचे खांब लागतात. बिबवेवाडी–कोंढवा रस्त्याच्या उतारावर पायी चालणाऱ्याला यातले प्रत्येक काम महत्त्वाचे आहे आणि त्याला क्षुल्लक म्हणणे हा गाडीत बसून केलेला विचार झाला. तरीही अर्जाची चौकट ‘काम’ या शब्दाभोवती आखलेली आहे. अप्परहून सुटणारी बस वीस मिनिटांऐवजी दहा मिनिटांनी यावी ही मागणी बांधकामाची नाही, सेवेची आहे. बस चालवणारी पीएमपी ही तर २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या परिवहन संस्था एकत्र करून स्थापलेली स्वतंत्र कंपनी आहे. त्यामुळे हा अर्ज बसच्या दारापर्यंत पोहोचतो, आत चढत नाही.

या अर्जाच्या शेजारीच लोकेच्छेची दुसरी एक वाट आहे आणि ती अधिक रुंद आहे. अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात फेरफार करून तो मुख्य सभेपुढे ठेवते आणि या प्रवासात नगरसेवकांनी सुचवलेल्या प्रभागातील कामांची भर पडते, जिला पुण्यात ‘स यादी’ म्हणतात. वर्ष सरत आले, की न झालेल्या कामाचा निधी दुसऱ्या कामाकडे वळवला जातो, ज्याला महापालिकेच्या बोलीत ‘वर्गीकरण’ असे निरुपद्रवी नाव आहे. जानेवारी-फेब्रुवारीत गाजावाजा करून मांडलेले अंदाजपत्रक आणि मार्चअखेर प्रत्यक्ष खर्च झालेले अंदाजपत्रक यांच्यातील अंतर या एका शब्दात मावते. नागरिकाला विचारले जाते ते पहिल्याविषयी, दुसऱ्याविषयी नाही. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाकडे राहिला, तेव्हा ‘स यादी’च्या वाटेवरचा परिचित माणूसही दिसेनासा झाला. २०२५-२६ चे १२ हजार ६१८ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक अशाच काळात, निर्वाचित सभेतील चर्चेविना मंजूर झाले.

आता याच उपनगराच्या कडेने जाणाऱ्या सातारा रस्त्यावरचे दोन मोठे निर्णय पाहावेत. देशातील पहिला बीआरटी प्रयोग, म्हणजे बससाठी रस्त्यात स्वतंत्र मार्गिका राखण्याचा प्रयोग, डिसेंबर २००६ मध्ये स्वारगेट–कात्रज या पट्ट्यात सुरू झाला. ज्याच्यासाठी मार्गिका आखली त्या बसप्रवाशाला थांबे रस्त्याच्या मध्यभागी गेल्यावर आपण वाहनांच्या लोंढ्यातून पलीकडे कसे जाणार, हे विचारण्याची कोणतीही विधिवत जागा नव्हती. पुढे या मार्गिकेविरुद्ध सर्वांत खणखणीत आवाज उठला तो ज्यांची जागा तिने घेतली त्या खासगी वाहनचालकांचा; म्हणजे इथेही हरकतदारच बोलला, फक्त या वेळी त्याची हरकत डांबरावरच्या जागेपुरती होती.

दुसरा निर्णय मेट्रोचा. स्वारगेट–कात्रज या ५.४६ किलोमीटरच्या भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. खर्च २ हजार ९५४ कोटी ५३ लाख रुपये आणि स्थानके तीन : मार्केट यार्ड, पद्मावती, कात्रज. भुयारी मार्ग ज्या वस्तीच्या पोटाखालून जाणार तिला आपल्या नावाचे स्थानक नाही, हे बिबवेवाडीकरांच्या ध्यानात यायला तज्ज्ञाची गरज नव्हती. स्थानके वाढवण्याची मागणी झाली, निवेदने गेली, लोकप्रतिनिधींनी ती उचलून धरली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बिबवेवाडी आणि बालाजीनगर ही दोन नवी स्थानके व कात्रज स्थानकाचे थोडे दक्षिणेकडे स्थलांतर यांना मंजुरी दिली. वाढीव खर्च ६८३ कोटी ११ लाख रुपये, म्हणजे मूळ खर्चाच्या सुमारे २३ टक्के.

हा लोकशक्तीचा विजय आहे असे म्हणता येईल आणि ते खोटेही ठरणार नाही. पण त्यातील विसंगती डोळ्यांत भरते. ५ लाखांच्या कामासाठी अर्ज आहे, मुदत आहे, पोच आहे. त्या मर्यादेच्या साडेतेरा हजार पटींहून मोठ्या खर्चासाठी अर्जाचा नमुना नाही. तीन स्थानकांचा आराखडा बनत होता तेव्हा प्रत्येक स्थानकाची प्रवासीसंख्या कशी गृहीत धरली, अप्परच्या चढावरून येणारा माणूस त्या गणितात होता की नव्हता, दोन स्थानके सुरुवातीलाच धरली असती तर खर्च किती आला असता, या प्रश्नांवर जाहीर सुनावणी होऊन उत्तरे नोंदली गेली असती, तर कदाचित निवेदनांची वेळच आली नसती. मागणी मान्य झाली ती राजकीय वजनामुळे की प्रवासाच्या गरजेमुळे, हे सांगता येऊ नये अशीच या पद्धतीची रचना आहे, आणि ज्या वस्तीच्या मागणीला वजन नाही तिचे काय होत असेल याचा तर्क कोणालाही करता येईल. आराखड्यावर आक्षेप घेण्यासाठी नकाशा वाचणारा वास्तुरचनाकार, कायदा जाणणारा वकील आणि सायंकाळची मोकळी वेळ लागते. या तिन्ही गोष्टी पुण्याच्या पश्चिम भागात जितक्या सहज सापडतात तितक्या दक्षिणेत सापडत नाहीत.

प्रवाशाला ग्राहक म्हणून विधिवत ऐकून घेणे अशक्य आहे, असेही नाही. विजेच्या बाबतीत महाराष्ट्राने ते अनेक वर्षे केले आहे. विद्युत अधिनियम, २००३ नुसार दरवाढीचा प्रस्ताव वीज कंपनीला प्रसिद्ध करावा लागतो, नियामक आयोगाला लोकांच्या सूचना-हरकती विचारात घ्याव्या लागतात आणि कारणांसह आदेश द्यावा लागतो. पुण्यातील अभ्यासकांनी आणि ग्राहक कार्यकर्त्यांनी या सुनावण्यांत आकडेमोडीसह उभे राहून कंपन्यांना घाम फोडलेला आहे. तेथे बोलण्यासाठी खांब आपल्या जमिनीत असावा लागत नाही, वीजबिल पुरते. याउलट १ जून २०२५ पासून पीएमपीचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले, तेव्हा निर्णयाची वाट कंपनीच्या संचालक मंडळातून प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे गेली आणि प्रवाशाला तो कळला तो वाहकाच्या हातातील तिकिटावर. दरवाढ अवाजवी होती असे यातून सिद्ध होत नाही. दहाएक वर्षांनी भाडे वाढले आणि कंपनीची संचलन तूट, म्हणजे बस चालवण्याचा खर्च आणि तिकिटांचे उत्पन्न यांतील फरक, दोन्ही महापालिका ६० आणि ४० टक्के या प्रमाणात आपल्या अंदाजपत्रकातून भरतात. तूट भरणारा करदाता आणि भाडे भरणारा प्रवासी ही बहुधा एकच व्यक्ती असते, म्हणूनच तिला दोन्ही आकडे समोर ठेवून विचारणे अधिक गरजेचे होते.

प्रादेशिक पातळीवर गेले की निर्णय आणि नागरिक यांच्यातील हे अंतर आणखी वाढते. ७४ व्या घटनादुरुस्तीने महानगर क्षेत्रासाठी महानगर नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान दोन-तृतीयांश सदस्य स्थानिक लोकप्रतिनिधींनी आपल्यातून निवडावेत अशी अट घातली. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले, त्याचा प्रारूप विकास आराखडा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यावर सुमारे ६७ हजार हरकती-सूचना आल्या आणि न्यायालयीन वादानंतर २०२५ मध्ये तो आराखडाच रद्द झाला. इतक्या माणसांनी लिहिलेल्या कागदांचे पुढे काय, हा प्रश्न विचारण्याची रीत आपल्याकडे नाही. अमेरिकेत महानगर नियोजन संस्थांना पुढील चार वर्षांच्या वाहतूक कामांची, त्यांच्या खर्चाची आणि निधीच्या स्रोतांची यादी मंजुरीआधी लोकांसमोर ठेवावी लागते. तिथल्या सुनावण्याही पुष्कळदा रिकाम्या खुर्च्यांपुढे होतात, हे खरे, पण यादी निधीसह उघडी असते आणि एखादे काम त्यातून गळाले तर ते गळाल्याचे दिसते. पुण्यातील सर्वंकष वाहतूक आराखडा, म्हणजे बस, मेट्रो, पदपथ, सायकल आणि रस्ते यांचा एकत्र विचार करणारा दस्तऐवज, २००८ पासून पुन्हा पुन्हा तयार होतो आहे. मात्र त्यातील कोणते काम कोणत्या वर्षीच्या कोणाच्या अंदाजपत्रकात पडले, याचा मेळ सामान्य माणसाला घालता येत नाही, कारण प्रकल्प त्या आराखड्यातून अंदाजपत्रकात येण्याऐवजी अनेकदा अंदाजपत्रकातून आराखड्यात शिरतो.

स्वारगेट–कात्रज मार्गासाठी २०२९ चे साल धरलेले आहे. बिबवेवाडी स्थानकाच्या जिन्यावरून वर आलेल्या प्रवाशाला अप्परच्या चढावरचे घर गाठायचे असेल, तर स्थानक महामेट्रोचे, तिथून पुढची बस पीएमपीची, तिच्या थांब्यापर्यंतचा पदपथ महापालिकेचा आणि या तिघांचा मेळ घालण्याचे काम एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाचे, ज्याला वर्तमानपत्रे ‘पुम्टा’ म्हणतात. मेट्रोची शेवटची गाडी आणि अप्परची शेवटची बस एकमेकींना गाठतील की नाही, हे याच चौघांत ठरेल. यांपैकी पदपथासाठी त्या प्रवाशाला क्षेत्रीय कार्यालयात अर्ज मिळतो.