जीर्णोद्धार कीं तोतया?

मोडलेली वस्तु दुरुस्त करावी याविषयीं कोणाचा मतभेद नसतो. परंतु मोडलेली नव्हे, तर कोणीतरी बुद्धिपुरःसर पण वाईट रीतीनें बदललेली वस्तु हातीं आली म्हणजे तिचें काय करावें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. देवळें व इमारती यांच्या संबंधांत त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. १८४९ सालीं रस्किननें असल्या जीर्णोद्धाराला असत्य म्हटलें. उलट फ्रान्सांतील व्हियोले-ल-द्यूक याच्या मतें जीर्णोद्धार म्हणजे इमारतीस अशा पूर्णावस्थेला नेणें, कीं जी पूर्वीं कदाचित् कधींच नसेल. दोघेही पाषाणाविषयीं बोलत होते. मी येथें एका पोलादी व बऱ्याच कमी प्रतिष्ठित वस्तूचें उदाहरण घेतों. कारण देऊळ चुकीचें दुरुस्त झाल्यास रसिक हळहळतात, ही वस्तु चुकीची दुरुस्त झाल्यास एखाद्याचा हात जाईल.

ती वस्तु म्हणजे बर्मिंगहॅमच्या वेब्ली अँड स्कॉट या कारखान्याचें 'मार्क सहा' रिव्हॉल्व्हर. १९१५ सालीं, पहिलें महायुद्ध चालू असतां, ब्रिटिश सैन्यानें तें स्वीकारलें. नळी सहा इंचांची, वजन एक किलोच्या वर, आणि मधोमध उघडणारी रचना: खिटी दाबून नळी खालीं झुकविली कीं सहाही रिकामीं काडतुसें एकदम वर उचललीं जातात. दिसण्यांत तें बोजड आहे. तथापि एखाद्या जुन्या मजबूत कुलपांत असतो तसा साधेपणा त्यांत आहे. त्याचें काडतूस ०.४५५ या मापाचें, बुडाशीं पातळ कांठ असलेलें, आणि जोरानें बेताचें.

पुढें सैन्याला नकोशीं झालेलीं हीं रिव्हॉल्व्हरें अमेरिकेंत स्वस्तांत विकलीं गेलीं. तेथें त्यांचें मूळ काडतूस सहजीं मिळेना. स्वयंचलित पिस्तुलाचें ०.४५ चें काडतूस मात्र मुबलक. त्या काडतुसाला बाहेर आलेला कांठ नसतो, म्हणून तीं तीन-तीन मिळून अर्धचंद्राकार पातळ पट्टीत अडकवून घालावीं लागतात. आणि त्या पट्टीला जागा व्हावी म्हणून फिरत्या चक्राची मागची बाजू तासून टाकण्यांत आली. काम झालें, गिऱ्हाईकही खूष झालें. परंतु या नव्या काडतुसाचा दाब, ज्या दाबावर जुन्या पोलादाची कसोटी घेतली गेली होती त्याहून अधिक आहे, याचा विचार झाला नाहीं. तासणाऱ्याला मी दुष्ट म्हणणार नाहीं. त्याच्यापुढें असलेली गरज खरी होती. फक्त ती भागविण्याची किंमत त्यानें दुसऱ्याच्या नांवें लिहून ठेवली.

असें एक रिव्हॉल्व्हर परवानाधारक संग्राहकाच्या हातीं येतें, आणि तें मुळांत होतें तसें करावें असें त्याला वाटतें. तासलेलें पोलाद तर परत येत नाहीं. त्या जागीं वितळविलेलें पोलाद भरून चक्र पूर्ववत् दिसेलसें करतां येईल. पण त्या तापानें पोलादाचें पाणी उतरतें, आणि वरून झिलई चढविली कीं तें कोणाला दिसतही नाहीं. म्हणजे पहिल्या कारागिरानें निदान उघड केलेली हानि हा दुसरा कारागीर झांकून ठेवतो. झिलईपूर्वीं चाकावर घासल्यानें तपासणीचे जुने ठसे बुजतात, ती हानि वेगळीच.

दुसरा मार्ग, न तासलेलें एखादें चक्र मिळवून बसविण्याचा. हा मार्ग चांगला, पण येथेंच खरा मोह उभा राहतो. चक्रावर एक क्रमांक असतो, सांगाड्यावर दुसरा. चक्रावरचा आंकडा पुसून तेथें सांगाड्याचा आंकडा ठोकण्यास कितीसा वेळ लागतो? किंमत मात्र त्यानें वाढते. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला व १७७६ त त्याला देहान्त शासन झालें, हें सर्वांना ठाऊक आहे. भाऊसाहेबांसारखें दिसणें हा त्याचा अपराध नव्हता. आपण भाऊसाहेबच आहों असें सांगणें हा होता. दुसऱ्याचें चक्र बसविणें ही दुरुस्ती आहे, दुसऱ्याचा क्रमांक ठोकणें हें तोतयाचें बंड आहे.

या बाबतींत इंग्लंडचा कायदा तत्त्वज्ञांपेक्षां स्पष्ट बोलतो. बर्मिंगहॅम येथील प्रूफ हाउस १८१३ सालीं कायद्यानें स्थापन झालें. तेथें जास्त भाराचें काडतूस उडवून शस्त्र पारखतात व टिकल्यास त्यावर शिक्का मारतात. शिक्का मारल्यावर ज्या शस्त्रांत ताकद उणावणारा फेरफार झाला असेल, तें पुन्हा कसोटीस उतरल्याखेरीज विकतां येत नाहीं. शिक्का जुना, अस्सल, कारखान्यांतला असला तरी तो आतां खोटा झालेला असतो. खरी खूण असत्य सांगूं शकते, हें त्या कायद्याला कळलें आहे; आमच्यांतील पुष्कळ घराण्यांना तें अद्याप कळावयाचें आहे.

कोणी म्हणेल कीं, तासणें हाही इतिहासच. तो कां पुसावा? आक्षेप वजनदार आहे. एखाद्या शिपायानें मुठीवर कोरलेलें अक्षर मी कधींही पुसूं देणार नाहीं. परंतु पुढच्या माणसाला अपाय करूं शकेल असा बदल इतिहास म्हणून चालू स्थितींत ठेवणें, म्हणजे विहिरीवरचें कुजलेलें फळकूट जुनें म्हणून तसेंच राहूं देणें होय. इतिहास ठेवावयाचा तो माहितीच्या रूपानें ठेवतां येतो.

म्हणून त्या संग्राहकाला मी सांगेन: नवें मिळालेलें चक्र जाणत्या कारागिराकडून बसवून घ्या, पुन्हा पारख करवा, दोन क्रमांक जुळत नाहींत ते न जुळतेच राहूं द्या. निकेलचा मुलामा चढविलेला असेल तर तो उतरवा, पण ठसे बुजतील इतकें घासूं नका. आणि तें तासलेलें चक्र फेकूं नका. कोठून निघालें व त्यांत काय दोष आहे तें लिहिलेली चिठ्ठी बांधून त्याच पेटींत ठेवा.