न दिसणाऱ्या ज्वाळेचे प्रमाण

डोंगरावर धूर दिसला म्हणजे तिथे अग्नी आहे, हे न्यायशास्त्राचे नेहमीचे उदाहरण. पेट्रोल इंजिनात अग्नी लोखंडाआड असतो आणि धुराच्या जागी हाती लागतो तो दाब. मिनिटाला 3000 फेऱ्यांच्या वेगात मिश्रणाचे जळणे साधारण तीन मिलिसेकंदांत आटोपते. तरी दाबाच्या आलेखावरून अभियंता सांगतो, की पिस्टन वरच्या टोकावरून परतल्यावर आठ-दहा अंशांनी निम्मे मिश्रण जळून झाले होते. प्रत्यक्ष तेवढेच प्रमाण मानणारा चार्वाक याला अटकळ म्हणेल. मला ते पक्के ज्ञान वाटते, पण एका अटीवर: आड दडलेली दुसरी कारणे आधी वगळायला हवीत. अग्नी असला म्हणजे धूर असतोच असे नाही, त्याला ओले सरपण लागते. अशा लपलेल्या अटीला नैयायिक उपाधी म्हणतात. इथेही पिस्टनच्या नुसत्या दाबण्याने, काही न पेटताही, दाब चढतो. जनरल मोटर्सच्या रासवायलर आणि विथ्रो यांनी 1938 साली नेमका हा वाटा अंशाअंशाला वजा केला, उरलेली वाढ ज्वलनाच्या नावे मांडली आणि क्वार्ट्झची खिडकी बसवलेल्या इंजिनातल्या ज्वाळेच्या चित्रफितीशी ती ताडून पाहिली.

म्हणजे शेवटी कौल डोळ्यांनीच दिला ना, असे चार्वाक विचारील. तसे नाही. जळलेला वायू तापून फुगतो, त्याची घनता न जळलेल्याच्या जेमतेम चौथा हिस्सा उरते. त्यामुळे ज्वाळेने अर्धी जागा व्यापलेली दिसते तेव्हा वजनाने पाचवा हिस्साच जळलेला असतो. डोळ्याला आकार दिसतो, वस्तुमान दिसत नाही. चित्रफितीतूनही ते अनुमानानेच काढावे लागते. अधिक वजनदार आक्षेप वेगळा आहे. भिंती उष्णता ओढून घेतात, फटींत वायू अडकतो, शिवाय प्रत्येक आवर्तन वेगळे जळते म्हणून शेकडो आवर्तनांची सरासरी काढतात, आणि तशी सरासरी ज्वाळा सिलिंडरात कधी पेटलेलीच नसते. हे मान्य करायलाच हवे: सरासरीवरून एखाद्या विशिष्ट आवर्तनाबद्दल बोलू नये, त्यासाठी त्याचाच आलेख वाचावा. पण गळती कुठून होते हे ठाऊक असले की चूक किती, तेही आजमावता येते. मोघम संशयाला ती सोय नाही. चौदाव्या शतकात मिथिलेच्या गंगेश या नैयायिकाने अशा संशयवाद्याला विचारले होते, की मग धुरासाठी तू अग्नीच का पेटवतोस? प्रयोगशाळेत इंजिनाच्या ठिणगीची वेळ आज दाबावरून काढलेल्या याच अनुमानावर ठरवली जाते.