अहवाल येईपर्यंत

सरकारी बांधकामावर गुणवत्ता पाहणारा माणूस तसा कोणालाच नको असतो. ठेकेदाराला तो कामातला खोडा वाटतो. साहेबांना मार्चअखेर निधी खर्ची पडायची घाई असते. आणि उद्घाटनाची तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे पुढाऱ्यांच्या लेखी तो नसतोच. शाळेचं छत गळू लागलं, मोरी खचली, की मात्र पहिला प्रश्न त्याच्याच नावाने येतो : तपासणी कोणी केली होती?

तपासणी झालेली असते. फाइलमध्ये क्यूबचे अहवाल असतात, मोजमाप पुस्तकात (एमबी) नोंदी असतात, सह्या असतात. चुकतं ते तपासणीच्या वेळेत.

काँक्रीटचंच घ्या. ओतकाम चालू असताना १५० मिलिमीटरचे ठोकळे भरायचे, पाण्यात ठेवायचे आणि २८ दिवसांनी यंत्रात दाबून फोडायचे. आयएस ४५६ या मानकानुसार ६ ते १५ घनमीटर काँक्रीटमागे दोन नमुने, प्रत्येकाचे तीन क्यूब. रीत उत्तम आहे. पण २८ दिवसांत त्या स्लॅबवर पुढचं काम चढलेलं असतं. क्यूब कमी ताकदीचा निघाला तर स्लॅबमधून कोअर (दंडगोल नमुना) काढायचा, भारचाचणी घ्यायची, वेळ पडली तर स्लॅब तोडायचा. एवढं अंगावर घेण्यापेक्षा प्रयोगशाळेसाठी चांगल्या मालाचे क्यूब वेगळे भरून ठेवणं सोपं. ही युक्ती साइटवर नवी नाही.

म्हणून माझ्या मते गुणवत्ता पाहणाऱ्या माणसाचं खरं काम ओतकामाच्या आधी आणि पहिल्या तासात असतं. सळईखाली कव्हर ब्लॉक आहेत का, स्लंप (मालाचा पातळपणा) किती आला, व्हायब्रेटर चालू आहे की नुसता आणून ठेवलाय. मुख्य म्हणजे, माल सहज सरकावा म्हणून मिक्सरमध्ये कोणी पाण्याची जास्तीची बादली ओततंय का. त्या बादलीने स्लॅबची ताकद जाते आणि अहवालात तिचा मागमूस राहत नाही. पुढे क्युरिंगच्या सात-दहा दिवसांत पाणी खरोखर हवं असतं, तेव्हा नेमका टँकर येत नाही.

रस्त्यांवरही वेळेचीच अडचण आहे. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत गुणवत्ता तपासणीचे तीन स्तर आहेत. पहिला रस्ता बांधणाऱ्या यंत्रणेचाच, दुसरा राज्याच्या निरीक्षकांचा, तिसरा राष्ट्रीय निरीक्षकांचा. हे राष्ट्रीय निरीक्षक बहुधा निवृत्त ज्येष्ठ अभियंते असतात. बदलीची भीती नाही, बढतीची आशा नाही, त्यामुळे ‘असमाधानकारक’ असा शेरा मारताना त्यांचा हात अडखळत नाही. व्यवस्था चांगलीच आहे. पण ते अधूनमधून येतात. डांबर रोज पडतं. रोजच्या स्तरावर असतात अनेक कामं सांभाळणारा शाखा अभियंता आणि ठेकेदाराकडून पगार घेणारा क्वालिटी इंजिनिअर. (निविदा वीस टक्के ‘बिलो’, म्हणजे अंदाजित खर्चापेक्षा कमी दराने, भरणारा ठेकेदार ती तूट कुठून काढतो? जादा अनामत भरून घेतली की खात्याला हा प्रश्न पडत नाही.)

पगार ठेकेदाराचा असला म्हणजे सगळं संपलं, असं मात्र नाही. अमेरिकी नौदलाच्या बांधकाम करारांत गुणवत्ता व्यवस्थापक ठेकेदारच नेमतो. पण कामाच्या प्रत्येक ठळक भागाला हात लावण्यापूर्वी तयारीची बैठक, मग सुरुवातीच्या कामाची तपासणी आणि नंतर नित्याची पाहणी, हे तीन टप्पे त्याच्यावर बंधनकारक असतात. नियमाबाहेरचं काम थांबवायचा अधिकार त्याला करारानेच मिळतो. आपल्याकडे हा माणूस अहवाल लिहितो. ओतकाम थांबवायला त्याला वरून फोन यावा लागतो. त्याच्या सहीशिवाय ओतकाम सुरू होणार नाही, अशी अट निविदेत घालायला पैसे लागत नाहीत.

तोवर नागरिकाच्या हातात एक साधन आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २ मध्ये कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचा हक्क दिलेला आहे. तुमच्या गावात शाळेची खोली बांधायला घेतली असेल, तर तो जरूर वापरा. उत्तराला ३० दिवस लागू शकतात, म्हणून पाया खणायला लागतानाच अर्ज द्या.