आकड्याला जाब विचारता येतो

२७ फेब्रुवारी २००२ रोजी अमेरिकेत यकृत प्रत्यारोपणाच्या रांगेचा नियम बदलला. तोवर यादीत किती काळ काढला याला मोठं वजन होतं. आजार किती बळावला हे ठरवायला चाइल्ड आणि टरकॉट यांची १९६४ची, १९७३मध्ये प्यू यांनी सुधारलेली पद्धत वापरत. बिलीरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठायला लागणारा वेळ, पोटात झालेलं पाणी आणि यकृतामुळे मेंदूवर आलेली गुंगी, या पाचांचे मिळून ५ ते १५ गुण. यातल्या शेवटच्या दोन गोष्टी डॉक्टरच्या नजरेवर. पोटातलं पाणी ‘थोडं’ की ‘बरंच’, यावर दोन डॉक्टरांचं दुमत होऊ शकतं. आपला रुग्ण वाचावा असं मनापासून वाटणाऱ्याची नजर ‘बरंच’कडे झुकली, तर त्याला दोष कसा द्यावा? पण त्याची किंमत रांगेतला दुसराच कुणी मोजतो.

नव्या ‘मेल्ड’ गुणांकात ही नजर उरली नाही. बिलीरुबिन, क्रिएटिनिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याच्या वेळेचं माप) या रक्ताच्या तीन तपासण्या, एक सूत्र, आणि ६ ते ४० यांमधला एक आकडा. येत्या तीन महिन्यांत मृत्यूचा धोका ज्याला जास्त, तो पुढे. मेयो क्लिनिकमध्ये हे सूत्र मुळात वेगळ्याच कामासाठी बांधलं होतं. यकृताच्या शिरेतला दाब कमी करणाऱ्या ‘टिप्स’ उपचारानंतर कोण किती जगेल हे पाहायला. रुग्णाची ओळखपाळख, त्याचं बोलणं, त्याच्या डॉक्टरचा दबदबा यांतलं काहीच त्याला कळत नाही. मला ही त्याची मोठी सभ्यता वाटते.

तरीही अन्याय झालाच, आणि तो क्रिएटिनिनच्या वाटेनं आला. हा पदार्थ स्नायूंमधून रक्तात येतो. बायकांचे स्नायू सरासरीनं कमी, त्यामुळे मूत्रपिंड पुरुषाइतकंच बिघडलं असलं तरी त्यांचं क्रिएटिनिन कमी दिसतं. सिरोसिसनं अंग झिजलं की ते आणखी फसवं होतं. गुण कमी, म्हणून रांगेत मागे. यादीवर असताना बायका जास्त मरतात आणि त्यांना यकृत कमी मिळतं, हे अमेरिकेतले अभ्यास वर्षानुवर्षं दाखवत होते. कुणीही त्यांना मागे ढकललं नव्हतं. नुसत्या बेरजेनं ते घडत होतं. अखेर जुलै २०२३मध्ये ‘मेल्ड ३.०’ लागू झाला आणि त्यात स्त्रियांना १.३३ गुण वाढवून मिळाले. मधे २१ वर्षं गेली. त्या काळात एवढ्याशा गुणांनी मागे राहिलेल्या बायका कोण होत्या, हे आता कुणी सांगू शकणार नाही.

असं असूनही मी सूत्राच्याच बाजूचा आहे. सूत्र लिहिलेलं होतं, म्हणून चूक कुठे आहे त्यावर बोट ठेवता आलं. ब्रिटननं २०१८मध्ये प्रत्यारोपणानं आयुष्य किती वाढेल यावर गुण द्यायला सुरुवात केली, पण हिशेब पाच वर्षांपुरताच ठेवला. पुढे चाळीस वर्षं जगू शकणाऱ्या तरुणाच्या त्या वर्षांना तिथे जागाच नव्हती. तरुण रुग्ण मागे पडतायत हे उघड झालं, तेही हिशेबाची रीत लिहिलेली होती म्हणूनच.

आपल्याकडे बहुतेक यकृतं मेंदूमृत दात्यांकडून येत नाहीत, घरातली जिवंत माणसं आपल्या यकृताचा तुकडा देतात. गुणांक इथेही काढतात, पण कोण देणार आणि कुणासाठी, हे स्वयंपाकघरात, नातेवाइकांच्या बैठकीत ठरतं, कुठल्या लिहिलेल्या सूत्रानं नाही. देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे भारतातल्या जिवंत दात्यांच्या नोंदींतून दिसत आलं आहे. आजारी बाई असते तेव्हा घरातून किती जण पुढे येतात, आणि कुणीच न आल्यानं किती जणी यादीपर्यंतही पोचत नाहीत? प्रत्येक प्रत्यारोपण केंद्रानं ही नोंद ठेवावी आणि दरवर्षी जाहीर करावी.