कचरा नक्की कुणाचा?

मराठीत टाकून द्यायच्या वस्तूंना किती शब्द आहेत पाहा! केर, रद्दी, भंगार, अडगळ, चिंध्या, खरकटे, आणि देवापुढून निघालेल्या फुलांना निर्माल्य. रद्दी-भंगाराला भाव असतो, खरकटे गाईगुरांचे, निर्माल्य पायदळी येऊ द्यायचे नाही. मँचेस्टर सिटी कौन्सिलने कागदाला निळा, काच-डब्यांना तपकिरी आणि अन्न व बागेच्या कचऱ्याला हिरवा डबा दारात ठेवण्याच्या कितीतरी आधी आपल्या आज्यांनी ही वर्गवारी केलेली होती. त्या वर्गवारीत एकच गोष्ट नव्हती, ती म्हणजे हे सारे उचलणारा माणूस. तो जातीनेच ठरलेला असे, त्यामुळे त्याचा वेगळा विचार कुणी करत नसे.

इथे तो पगारी आहे, हातमोजे घालतो, युनियनचा सभासद असतो. मग वस्तू डब्यात टाकली आणि कौन्सिल टॅक्स भरला की आपली जबाबदारी संपते का?

शहरे तरी असेच मानत आली आहेत. मँचेस्टर महापालिकेने १८८६ मध्ये कॅरिंग्टन मॉस ही दलदलीची जमीन विकत घेतली आणि शहराचा मैला व केर तिकडे नेला. १८९५ मध्ये चॅट मॉस घेतली. त्यावर शेती पिकली हे खरे, पण मूळ हेतू शहराबाहेर काढणे हाच होता. पुण्यानेही १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला कोथरूडचा कचरा डेपो हलवून उरुळी देवाची-फुरसुंगीला नेला. कोथरूडला जागांचे भाव वाढले. तिकडे विहिरींचे पाणी बिघडले आणि गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अनेकदा अडवल्या. आज मँचेस्टरच्या काळ्या डब्यातला बराचसा कचरा रेल्वेने रन्कॉर्नला जाऊन जळतो व त्यातून वीज होते. व्यवस्था चांगलीच आहे, तरी ‘दूर’ म्हणजे कुणाच्या तरी जवळच.

मी पुण्यात एम.बी.बी.एस. करत असताना हात कापलेल्या, सुई टोचलेल्या कचरावेचक बाया कॅज्युअल्टीत येत. टाके घालायचे, धनुर्वाताचे इंजेक्शन द्यायचे. सुई कुणाच्या घरची, हे कळायला मार्ग नसे. त्याच सुमारास, १९९३ मध्ये, एसएनडीटी विद्यापीठातल्या पौर्णिमा चिकरमाने व लक्ष्मी नारायण आणि बाबा आढाव यांच्या पुढाकाराने या बायांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पुढे त्यातूनच ‘स्वच्छ’ ही त्यांच्या स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था निघाली आणि २००८ मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. दारोदार कचरा गोळा करणे हे आता हक्काचे काम झाले. त्यांनी पुणेकरांकडे एक साधी मागणी केली: वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा.

मला तो ठिपका आमच्या हँडओव्हरसारखा वाटतो. रात्रपाळीच्या डॉक्टरकडे रुग्ण सोपवून मी घरी जाऊ शकतो, तो माझा हक्कच आहे. परंतु रुग्णाला पेनिसिलिनची अॅलर्जी आहे हे मला ठाऊक असून मी सांगितले नाही, तर ‘त्यालाही पगार मिळतो’ हे उत्तर चालेल का? पगार कामाचा असतो, दडवलेल्या धोक्याचा नव्हे. डब्यात काय आहे हे फक्त टाकणाऱ्याला ठाऊक असते, आणि कचरा वेगळा करणे म्हणजे ती माहिती पुढच्या हाताला देणे. आपल्या तपकिरी डब्यातल्या वस्तू शार्स्टनला यंत्रे वेगळ्या करतात, पण यंत्रांबरोबर माणसेही उभी असतात. कुणी तपकिरी डब्यात बाळाचा लंगोट टाकला, तर तो कुणाच्या तरी हाताला लागतोच.

यावर आक्षेप येतो की, इतके वेष्टन बनवणाऱ्या कंपन्यांना सोडून गृहिणीलाच का धरता? आक्षेप रास्त आहे. वेष्टनाचा भार कंपन्यांवर पडलाच पाहिजे. मात्र सुई कंपनीने डब्यात टाकलेली नसते.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी इकडे आले की त्यांचे इन्सुलिनही येते. सुया दुधाच्या प्लास्टिकच्या बाटलीत भरून टाकलेल्या मी आपल्याच घरांत पाहिल्या आहेत. सुयांसाठी पिवळा डबा मिळतो. फार्मसीत विचारा, आणि भरलेला डबा कुठे परत द्यायचा तेही त्याच वेळी विचारून ठेवा, कारण दर कौन्सिलची पद्धत निराळी असते.