रक्ताची आठवण

सकाळी सातच्या सुमाराला रुग्णालयात पाळी बदलते. रात्रपाळीच्या सिस्टर एकेका खाटेची हकिगत सांगत असतात आणि त्याच वेळी मावशी कचऱ्याच्या पिशव्यांची तोंडं बांधत असतात. एखाद्या पिशवीत सुई निघते. खरं तर तिची जागा पांढऱ्या, जाड डब्यात. पण घाईत कुणीतरी ती पिशवीत टाकलेली असते.

अशी सुई टोचली की मनात पहिलं नाव येतं एचआयव्हीचं. सुईवरचं रक्त बाधित असेल, तर त्याचा धोका हजारात ३ इतका. हिपॅटायटिस बी मात्र, लस घेतली नसेल तर, शंभरातल्या ३० जणांपर्यंतही पोचू शकतो. वाळलेल्या रक्तातसुद्धा हा विषाणू आठवडाभर जिवंत राहतो.

त्यावर लस आहे. आज पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर एक-दोन महिन्यांत टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं प्रमाण, तपासायचा; तो १० किंवा त्याहून जास्त आला की संरक्षण मिळालं. काही जणांच्या अंगी लस लागत नाही. ते त्यांना वेळेत कळावं म्हणूनच ही तपासणी. मग पुन्हा तीन डोस देता येतात.

पुढे वर्षं जातात, टायटर उतरतो आणि रिपोर्ट पाहून माणूस धास्तावतो. पण रक्तातल्या स्मृतिपेशींनी तो विषाणू ओळखून ठेवलेला असतो. शरीरात शिरल्यावर आजार उभा करायला त्याला साधारण दोन ते पाच महिने लागतात. तेवढ्या अवधीत या पेशी जाग्या होतात, नव्याने प्रतिपिंडं घडवतात. ३० वर्षांनंतरही हे संरक्षण टिकल्याचं दिसलं आहे. म्हणून एकदा १० गाठलेल्या निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. मला याचं दरवेळी नवल वाटतं.

रक्त इतकं लक्षात ठेवतं. आपण मावशींचा तिसरा डोस विसरतो. सहा महिन्यांत कंत्राटदार बदलतो आणि नोंदवही जुन्याबरोबर निघून जाते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनुसार हा कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला ही लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. त्यात मावशी आल्या, वॉर्डातले मामाही आले.

आज ड्यूटीवर जाल तेव्हा पिशवी बांधणाऱ्या मावशींना थांबवून एवढंच विचारा, "मावशी, तुमचा तिसरा डोस झाला का?" झाला नसेल, तर त्यांना आजच लसीच्या खोलीपर्यंत सोबत घेऊन जा.