नाही म्हणायची मुभा

चांदणीला आबांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून आणली. तापीकाठच्या त्या दत्तजयंतीच्या बाजारात मान कमानीगत वाकवून नाचत चालणारे घोडे मी पाहिले होते. आपलीही घोडी तशीच दिसावी म्हणून मी लगाम आवळून धरायचो. मान वाकायची. वाटायचं, जमलं!

एका संध्याकाळी आबांनी तिच्या तोंडाचा फेस बोटावर घेऊन माझ्यापुढं धरला. फेस गुलाबी होता. कडियाळानं तोंड सोललं होतं. आबा ओरडले नाहीत. लगाम तेवढा खुंटीला अडकवला.

"तोंड वढून मान वाकती रं, पाठ न्हाई उचलत."

घोडं स्वतःला गोळा करतं ते मागून. मागचे पाय पोटाखाली येतात, पुठ्ठे जरा खाली बसतात, पाठ वर येते, पुढचं अंग हलकं होतं. मान वाकते ती सगळ्यात शेवटी, आपसूक. झेनोफन नावाच्या ग्रीक माणसानं २३०० वर्षांहून आधी लिहून ठेवलंय, की जबरदस्तीनं करून घेतलेलं घोड्याला उमगत नाही आणि ते देखणंही दिसत नाही. आबांनी त्याचं नावही ऐकलं नव्हतं.

जखम भरल्यावर घरामागच्या कुंपणाच्या रानात आम्ही नव्यानं सुरुवात केली. गळ्यात नुसता सुती दोर. चार पावलं चाल, थांब, दोन पावलं मागं, पुन्हा चाल. थांबवायचं ते दोर न ओढता. पाठ सरळ करून, मांड खोल बसवून, श्वास सोडून. मग दुडकी. बऱ्याच दिवसांनी एकदा तिची पाठ माझ्या मांडीखाली फुगून वर आली. क्षणभरच. मी लगेच अंग सैल सोडलं, मानेवर थाप दिली.

पण मनात आलं, लगाम नसला तरी वागतेय माझ्याच मनासारखी. मग ही मोकळी कशी? आबांना विचारलं.

"तिला न्हाई म्हणता येतंय का, त्ये बघ."

दोन दिवसांनी फाटक उघडं राहिलं आणि ती सरळ कडवळात शिरली. दोर ओढला, टाच दिली, ढिम्म हलेना. शेवटी उतरून पायी घरी आलो. आबा पोटभर हसले.

रस्त्यावर, समोरून एसटी येताना लगाम लागतोच. तिथं तिच्या नि माझ्या जिवाशी गाठ असते. पण माझा हात पुन्हा कधी आवळला नाही. म्हणजे घोडीच्या बाबतीत.

थोरल्यानं मी म्हणेन ते शिक्षण मान खाली घालून कबूल केलं, तेव्हा घरात सगळ्यांना सांगत सुटलो, पोरगं गुणाचं आहे. त्याला नाही म्हणता आलं असतं का, हे मी स्वतःला विचारलंच नाही. तो गुलाबी फेस आठवला, पण फार उशिरा.